खाली आहे, खाली है

आमच्या धारच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो, आणि त्याचे संपादक श्रावणापासून माझ्या मागे लागले होते. "तुमचा तो 'खाली'चा किस्सा लिहून द्या हो. लोक पोट धरून हसतात." खरं आहे, हसतात. गेली कित्येक वर्षं मी तो मुंजीत, कोजागिरीला, गणपतीत सांगत आलो आहे. कुठे थांबायचं, कुठे डोळे मोठे करायचे, थानेदाराचा घोगरा आवाज कसा काढायचा, सगळं जिभेवर बसलेलं आहे. देवासच्या ठाण्यात एका मराठी मुलीचं बोलणं मी साहेबांना हिंदीत सांगितलं आणि काय घोटाळा झाला, एवढीच गोष्ट. यंदाच्या गणपतीतही सांगितली. मंडप हसला.

घरी परतताना माझी मुलगी वीणा शेजारून चालत होती. ती अकरावीत आहे. शिक्षण हिंदीत, मराठी बोलते, पण वाचायला बसली की अडखळते, आणि बोलता बोलता मध्येच हिंदीत उतरते. पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, पण मग नीचे कोण होतं?"

"कुठे?"

"तुमच्या किश्शात. ती मुलगी म्हणाली ना, खाली आहे म्हणून. मग नीचे होतं कोण? आणि त्याचं काय झालं?"

इतक्या वर्षांत इतकी माणसं हसली, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "भराभर चाल, आई वाट बघत असेल." ती चालली. पण पुन्हा माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही आरतीलाही चपला का नाही काढत? सगळे बघतात."

म्हणून संपादकांनी मागितलेला किस्साच लिहितो आहे. फक्त पुरा लिहितो.

मी मध्य प्रदेश पोलिसात हेडकॉन्स्टेबल होतो. आमच्याकडे त्याला दीवानजी म्हणतात. नोकरीची वर्षं पुरी न करताच बाहेर पडलो. कोणी कारण विचारलं तर मी गुडघे दाखवतो. आमचे आजे धार संस्थानात कारकून, वडील तिथेच, संस्थान गेल्यावर कलेक्टर कचेरीत. घरात मराठी अशी, की बाहेरगावच्या पत्राची सुरुवात अजून 'तीर्थरूप' लिहूनच होते. शाळा हिंदी. बाजार माळवी. असा तीन जिभांचा माणूस पोलिसात फार उपयोगी पडतो, हे मला देवासला बदली झाल्यावर कळलं.

तेव्हा देवासला कारखाने येत होते आणि त्यांच्याबरोबर नगर, सातारा, पुण्याकडची माणसं येत होती. फिटर, टर्नर, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. कारखान्यात त्यांचं भागायचं. ठाण्यात आले की अडायचं. मग आरोळी व्हायची, "अरे भिया, मराठीवाले दीवानजी को बुलाओ!"

गमतीही व्हायच्या. एक फिटर आपल्या पोराचा कान धरून ठाण्यात आला. पोरानं शेजारच्या घरची सायकल न विचारता विकली होती. बाप थानेदाराला म्हणाला, "साहेब, याला चांगली शिक्षा द्या." थानेदार म्हणाले, "भिया, शिक्षा देना हमारा काम नी हे. इस्कूल में भरती कराओ." बापाला वाटलं, पोलीस चेष्टा करतायत. पोरगा मात्र खूश झाला.

दुसरी गंमत नाही. एक बाई धावत आली. "खून! खून झाला हो!" खून म्हणजे जीव घेणं हे हिंदीतही चालतं, पण पहाऱ्यावरचा शिपाई नवखा, त्याला आधी रक्तच सुचलं. त्यानं तिला नीट पाणी पाजलं आणि सरकारी दवाखान्याची वाट दाखवली, पट्टी बांधून घ्या म्हणाला. तिच्या शेजारच्या खोलीत माणूस मरून पडला होता. मारणारा तोवर इंदूरच्या बसमध्ये बसला.

त्यानंतर ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या शिपायाला मी एक गोष्ट शिकवत असे. शब्द पोचवायचा नसतो. त्या माणसाला काय म्हणायचं आहे ते पोचवायचं असतं. हे मी शिकवत असे, हे लक्षात ठेवा.

ठाणं कोणतं ते लिहीत नाही. इमारत संस्थानी होती. देवासला दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांतल्या एका पातीचं ते जुनं धान्याचं कोठार. मध्ये फरसबंद चौक, चौकात मारुतीचं लहानसं देऊळ, भोवती खोल्या. आणि चौकाच्या पोटात तळघर. पूर्वी तिथे ज्वारी साठवत. जोत्याच्या कडेला वीतभर उंचीचे झरोके होते, त्यातून बारा महिने थंड, जुन्या धान्याचा वास असलेली हवा यायची. उन्हाळ्यात कुत्री त्या झरोक्यांशी येऊन निजत. कधी कधी एकदम उठून, शेपूट घालून चौकाच्या दुसऱ्या टोकाला जात. आम्ही म्हणायचो, मेहमान आला असेल.

मेहमान म्हणजे काय ते सांगायला हवं. माणूस पकडला की त्याची नोंद करावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभं करावं लागतं. ज्याची नोंद केली नाही तो पकडलेला नाही. तो पाहुणा. पाहुण्याला लॉकअपमध्ये ठेवत नाहीत, कारण लॉकअप दिसतं. त्याला खाली ठेवतात. "मेहमान को चाय दी क्या?" असं कोणी विचारलं की सगळ्यांना कळायचं. मीही विचारलेलं आहे.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. त्या सुमारास आमच्या जिल्ह्याला नवे पोलीस कप्तान साहेब आले, बिहारकडचे, वयानं कोवळे. त्यांना मराठी येत नव्हती, माळवीही डोक्यावरून जायची. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. म्हणायचे, "जो बच्चा पुलिस से डरेगा, वो बड़ा होकर पुलिस से झूठ बोलेगा." त्यांनी महिन्यातून एका रविवारी सकाळी ठाण्याच्या चौकात पोरांची बैठक सुरू केली. शाळेतली, कॉलेजातली, कारखान्यात शिकाऊ असलेली, मुलं आणि मुलीही. पोलिसांबद्दल काय वाटतं ते त्यांनी पोलिसांसमोर सांगायचं.

दोन नियम साहेबांनी स्वतः घातले. पहिला, पोरं खुर्च्यांवर बसतील आणि पोलीस उभे राहतील. दुसरा, बैठकीआधी लॉकअपची किल्ली पोरांच्या हातात द्यायची; त्यांनी कुलूप काढून आत बघायचं, कोणी आहे का, कशा स्थितीत आहे, आणि मग सगळ्यांना सांगायचं.

थानेदार त्या दिवशी मिशीत पुटपुटले, "अब छोरे हमारी हाज़िरी लेंगे."

तिसरा नियम कोणी घातला नव्हता. चौकात मारुती, म्हणून पोरं दाराशीच पायताणं काढून यायची. बैठकीत पोरं अनवाणी बसलेली आणि पोलीस बुटांत उभे, असं ते दृश्य असायचं. मला ते आवडायचं. खरंच सांगतो, माझ्या नोकरीत मला अभिमान वाटावा अशी तेवढी एकच जागा होती.

पहिल्या बैठकीला कोणी बोलेना. पंक्चरवाल्याचा पोरगा बद्री, माळवी, तोंडाचा तिखट, तोही खुर्चीवर आखडून बसलेला. मागच्या रांगेत विलास होता. नगरकडच्या एका फिटरचा मुलगा, नुकतं मिसरूड फुटलेला, कारखान्यात शिकाऊ. वसाहतीच्या गणपतीत तो पोरांना लेझीम शिकवायचा. हातात लोखंडी कडं, बसल्या जागी त्याची बोटं काही ना काही वाजवत असायची. त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन थांबलेलं मला दिसत होतं. मी त्याच्या मागे जाऊन हळूच म्हणालो, "बोल रे. मराठीत बोल. मी आहे ना."

तो उठला आणि बोलला. बसस्टँडवर शेंगा विकणाऱ्या लहान पोरांकडून एक शिपाई रोज माल उचलतो, आणि नाही म्हटलं की पट्ट्यानं मारतो. त्यानं शिपायाचं नाव घेतलं. शिपाई तिथेच उभा होता. विलासचा आवाज कापत होता, पण तो वाक्य पुरं करूनच थांबला. मी ते हिंदीत सांगितलं. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नसेन. त्याचं कापणंसुद्धा मी पोचवलं. साहेबांनी शिपायाला तिथल्या तिथे निलंबित केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बद्री ओरडला, "वा भिया, वा!"

तो शिपाई थानेदारांच्या घरचा माणूस होता. थानेदार टाळ्या थांबेपर्यंत विलासकडे बघत उभे होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दीवानजी, हिंदी तो आपकी बहुत बढ़िया है."

दुसऱ्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात कारखान्याच्या गेटपाशी किरकोळ मारामारी झाली. त्यात विलास होता का नव्हता, मला ठाऊक नाही. त्याला मात्र आणलं. नोंद झाली नाही. बाप विलासच्या धाकट्या बहिणीला घेऊन ठाण्यात आला तेव्हा थानेदारांनी माझ्यामार्फत सांगितलं, "विचारपूस करून सोडून दिलं. पोरगा आहे, गेला असेल कुठे मुंबईला." बाप हात जोडून उभा होता. बहीण माझ्याकडे बघत होती. तिचं नाव शोभा. वय वीणाएवढं, आज वीणा आहे तेवढं. देवासला येऊन तिला काही महिनेच झाले होते. हिंदी तिला बाजारापुरतीही येत नव्हती.

"काका, खरंच सोडलं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "थानेदारसाहेब म्हणतायत ना."

तो खाली होता. चहा मीच पाठवला होता.

बैठकीच्या दिवशी विलासच्या जागी शोभा आली. बाप आला नाही, त्याची छाती झाली नसावी. थंडीतली सकाळ, चौकात कोवळं ऊन. बद्रीनं लॉकअपचं कुलूप काढलं, आत डोकं घातलं आणि सगळ्यांना सांगितलं, "कोई नी हे साब. झाडू भी लगी हे." सगळे हसले. साहेबही हसले. दार तसंच सताड उघडं ठेवून बैठक सुरू झाली.

एक मुलगी कॉलेजच्या रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोलत होती. शोभा पुढच्या रांगेत होती, मांडीवर हात ठेवून. आणि मी बघितलं, तिची पावलं हलली. तिनं ती फरशीवर सपाट टेकवली, मग बोटं पसरली. गार पाण्यात पाय सोडणारा माणूस हळूहळू सोडतो, तशी. तिचा चेहरा बदलला. ती खाली वाकून फरशीकडे बघायला लागली.

दोन ठोके, मग थांबणं, मग तीन जलद. लेझमीचा पहिला हात. आवाज नव्हताच, बैठकीपुरती झरोक्यांत पोती कोंबलेली होती; दगडातून नुसती थरथर यायची. तळघराचं छत बुटकं, उभं राहून हात वर केला की कडं फरशीला लागेल असं.

बुटांतून यातलं काही कळत नाही. म्हणून चौकात उभ्या असलेल्या एकाही पोलिसाला काही कळलं नाही, असं मी नेहमी सांगत आलो. ते खोटं आहे. मारुतीचा दिवा रोज सकाळी मी लावायचो. त्या दिवशी दिवा लावून मी तसाच देवळाच्या पायरीवर उभा राहिलो होतो. बूट मागे काढून ठेवलेले होते. माझ्या तळव्यांना ते शोभाच्या आधीच कळलं होतं.

शोभा ताडकन उठली. बोट फरशीकडे करून ती ओरडली, "साहेब, खाली आहे! खाली आहे!" पुढचं तिला बोलवेना. दादा हा शब्द ओठांवर आला आणि हुंदक्यात गेला.

साहेबांनी उघड्या लॉकअपकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळले. "क्या कह रही है?"

थानेदार माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या टोपीची पट्टी बोटानं पुसत होते. दिव्याची वात तडतडली. आणि माझ्या पायाखाली, दोन ठोके, थांबणं, तीन जलद.

मी म्हणालो, "साहब, कह रही है, खाली है."

मी एक शब्दही बदलला नाही. आहे चं है केलं, एवढंच.

साहेबांचा चेहरा खुलला. ते शोभाकडे गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणाले, "हाँ बेटी, खाली है. बिल्कुल खाली है. हम भी यही चाहते हैं."

किश्शात मी इथे थांबतो. इथेच लोक हसतात. लॉकअप रिकामं म्हणून मुलगी एवढी रडली, असं साहेबांना वाटलं, हा त्यातला विनोद.

त्या मुलीनं काय ऐकलं, याचा विचार मी पुष्कळ उशिरा केला. तिला हिंदी येत नव्हती. तिनं सांगितलं, दादा खाली आहे. मी ते साहेबांना सांगितलं. तिच्याच शब्दांत सांगितलं, तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि एवढा मोठा साहेब हसून तिला म्हणाला, हो बेटी, खाली आहे. अगदी खाली आहे. आम्हालाही हेच हवंय.

ती खाली बसली. त्यानंतर ती मला कधी काका म्हणाली नाही. मला काय, माझ्यासमोर कोणालाच काही म्हणाली नाही.

दुपारी मी भाकरी घेऊन तळघरात उतरलो. विलास भिंतीला टेकून बसला होता. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात त्याचं अर्धं तोंड दिसत होतं. एक डोळा सुजून मिटलेला. मला बघून तो हसला, त्या सुजेतही.

"काका, शोभी आली होती ना? मी वाजवलं. तिला कळलं का?"

"कळलं."

"मग? तिनं सांगितलं का साहेबांना?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

अजूनही वेळ होती. साहेबांचा बंगला लांब नव्हता. सायकल दाराशी होती. मी मनात म्हटलं, एक-दोन दिवसांत सुटेलच, सगळे सुटतात. उगाच आपण वाकडेपणा घ्या, क्वार्टर जाईल, झाबुआच्या जंगलात बदली होईल. हे सगळं मनात म्हणायला फार वेळ लागत नाही. मी त्याला म्हणालो, "साहेबांना ठाऊक आहे."

त्यानं डोळा मिटला. कड्याचा हात मांडीवर ठेवला. मी जिना चढून वर आलो, दिव्यात तेल घालायचं म्हणून देवळापाशी उभा राहिलो. पायाखालची फरशी गप्प होती. तो पुन्हा वाजवील म्हणून मी उभाच राहिलो. त्यानं वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरच्या कुळाचाराचं निमित्त करून धारला रजेवर आलो. परतलो तेव्हा तळघराच्या झरोक्यांतून ताज्या चुन्याचा वास येत होता. थानेदार म्हणाले, "मेहमान को बिदा कर दिया." कुठे, ते मी विचारलं नाही. विलास घरी गेला नाही. मुंबईलाही गेला नाही. पुढे मी साध्या कपड्यांत नेमावरला जाऊन आलो, नर्मदेच्या घाटावर नावाड्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघून ओळखलं असावं कोण आहे ते. एकजण म्हणाला, "भिया, नदी में तो सब जात के लोग आते हैं. तुम किसको पूछ रिया हो?" मला नाव सांगवलं नाही.

तिसऱ्या बैठकीला शोभा आली. पोरांनी तिच्या शेजारची खुर्ची मोकळी ठेवली होती. कोणी ठरवलं होतं की आपसूक झालं, देव जाणे. साहेबांचं तिकडे लक्ष गेलं. "ये कुर्सी क्यों खाली है?"

शोभा दचकली. तिनं खुर्चीच्या खाली बघितलं. खरोखर वाकून बघितलं.

कोणी हसलं नाही. बद्री उठला. इतकं शांत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "साब, एक बात केणी हे. मराठी में खाली याने नीचे. ये छोरी हमको सिखाई. उस दिन ये केती थी, नीचे हे. इसका भई नीचे हे."

साहेब हळूहळू माझ्याकडे वळले. "दीवानजी, मराठी में खाली का मतलब?"

"नीचे, साहब."

"तो उस दिन?"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. त्यांना खुर्च्या दिल्या होत्या, किल्ली दिली होती, तोंड दिलं होतं. आता ती फक्त माझ्या एका वाक्याची वाट बघत होती.

"ग़लतफ़हमी हो गई, साहब," मी म्हणालो.

साहेब स्वतः तळघरात उतरले. थानेदार कंदील धरून मागे गेले. पांढऱ्याशुभ्र भिंती, झाडलेली जमीन. आम्ही वर उभे होतो. झरोक्यातून साहेबांचा आवाज आला, लांबून, घुमून, "यहाँ तो सब खाली है."

त्या क्षणी जे झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं पाय फरशीवरून उचलले आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवले. मग तिच्या शेजारच्या मुलानं. मग बद्रीनं. एकेक करून सगळ्या पोरांनी पाय वर घेतले. कोणी पोटाशी धरले, कोणी मांडी घातली. एकमेकांकडे न बघता. चौकभर पोरं, आणि फरशीवर एकही पाऊल नाही. शोभाची पावलं मात्र होती तिथेच, सपाट, बोटं पसरलेली, आणि तिनं डोळे मिटले होते. त्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा निवांत दिसला.

मी पायरीवर होतो, अनवाणी. खाली साहेब आणि थानेदार होते, दोघंही चुन्याच्या भिंती बघत, दोघांचे हात खाली. हे मी खात्रीनं सांगतो, कारण पायरीलगतच्या झरोक्यातून मला ते दिसत होते.

दोन ठोके. थांबणं. तीन जलद.

मी बूट चढवले. दगडावर, लादीवर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, देवघरातसुद्धा, त्यानंतर मी अनवाणी उभा राहिलेलो नाही.

काही महिन्यांत साहेबांची बदली झाली. बैठक बंद पडली; खुर्च्या कोणाच्या तरी लग्नाला गेल्या त्या परत आल्या नाहीत. निरोपसमारंभात थानेदारांनीच पहिल्यांदा तो किस्सा सांगितला, "हमारे दीवानजी की ग़लतफ़हमी", आणि सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते खाली मान घालून चहाच्या कपाकडे बघत होते. मी हसलो. मोठ्यानं हसलो. पुढे लोक मलाच सांगायला सांगू लागले, आणि मी सांगू लागलो. हसवून सांगितलेल्या गोष्टीवर कोणी प्रश्न विचारत नाही, हे मला लवकरच कळलं.

थानेदार वारले. शोभाचं घर देवासहून उठलं, कुठे गेलं ठाऊक नाही. पण हा अंक देवासच्या कारखान्यांच्या वसाहतीत जातो, तिथून कोणाकोणाच्या पाहुण्यांकडे नगरला, साताऱ्याला जातो. म्हणून स्पष्ट लिहितो. त्या रविवारी सकाळी विलास जिवंत होता. तो ठाण्याच्या तळघरात होता. गैरसमज झाला नव्हता. मला माहीत होतं. कोणाला हे कोर्टात, कचेरीत, कुठेही हवं असेल, तर मी येऊन सांगेन. आता दुभाष्या लागणार नाही.

हे सगळं काल वीणाला वाचून दाखवलं, तिला स्वतःला वाचायला वेळ लागला असता म्हणून. ती माझ्या पायांकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, तेव्हा काय म्हणायला हवं होतं? म्हणा ना आता."

"आता काय उपयोग?"

"म्हणा."

मी चपला काढल्या. लादी गार होती. मी उभा राहिलो, साहेबांसमोर उभा राहायचो तसा, आणि म्हणालो, "साहब, लड़की कह रही है, मेरा भाई नीचे है."

एवढंच वाक्य. त्यात कठीण शब्द एकही नाही. मला ते तेव्हाही येत होतं.